'सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्याला मी साडेसहा हजार दिले

मागच्या वर्षी फ्लॅटसाठी लोन टाकलं तर बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, सर तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचे मार्क, ६३८ आहे, बाईकच्या लोनला ओव्हरड्यू दिसतंय. आता ते लोन मी २०२१ लाच फेडलंय, एनओसी घरी फाईलला लावलेली, आरसीवरची फायनान्सवाल्यांच्या बोज्याची नोंद (एचपी) पण कॅन्सल केलेली, आणि रिपोर्टात १,८४० रुपये थकीत, महिन्यांच्या चौकटीत किती दिवस थकलं त्याचे ०३०, ०६०, ०९० असे आकडे चढत गेलेले. डोकंच फिरलं.

तेव्हा शांतपणे त्या फायनान्सवाल्यांना मेल टाकायचा सोडून मी झेरॉक्सच्या दुकानात चिकटवलेल्या एका नंबरवर फोन केला. तो म्हणे, "दादा टेन्शनच घेऊ नका, आपली मुंबईला डायरेक्ट ओळख आहे, पंधरा दिवसात साडेसातशे पार." एकूण साडेदहा हजार, त्यातले साडेसहा आधी. पॅन दिलं, आधार दिलं, आणि गाडी साईडला लावून दोन ओटीपी पण फोनवर वाचून दाखवले, मी, जो आईला रोज सांगतो की ओटीपी कुणाला देऊ नको.

वीस दिवस गेले आणि माझ्या क्रेडिट कार्डवाल्या बँकेतून फोन, "सर, हे कार्ड तुमचं नाही असं तुम्ही कळवलंय का?" मग सगळा प्रकार कळला. या माणसाने स्वतःचा ईमेल टाकून सिबिलच्या साईटवर माझ्या नावाने लॉगिन बनवलं आणि रिपोर्टात जेवढी खाती होती सगळ्यांवर 'हे माझं नाही' म्हणून डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, ठोकून दिला, नऊ वर्षं वेळेवर भरलेलं कार्ड, बायकोच्या बांगड्यांवरचं गोल्ड लोन, सगळं. खात्यांपुढे डिस्प्यूटचा शेरा बघून होम लोनची फाईल परत अडकली. त्यानंतर साहेब फोन उचलेनात.

बरं जे काम तो करणार होता ते फुकट आहे हो! सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणारे हे चार ब्युरो, चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, डिस्प्यूट टाकायला पण एक रुपया नाही. आणि ओळख बिळख काही चालत नाही कारण ब्युरो स्वतःहून आकडा बदलत नाही, ते लोन देणाऱ्याला विचारतात, त्याने हो म्हटलं तरच दुरुस्ती. खरंच उशिरा भरलेला हप्ता असेल तर तो कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

मग चुकीचे डिस्प्यूट मागे घेतले, फक्त बाईकच्या खात्यावर नवीन टाकला, आणि त्या डिस्प्यूटचा नंबर लिहून एनओसी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केली. ३० दिवसांत निकाल लावावा लागतो, नाहीतर एप्रिल २०२४ पासून पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, तरी नाहीच हलले तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (लोकपालाकडे) जाता येतं, तेही फुकट. माझं २४ व्या दिवशी झालं, स्कोअर ७२९.

फक्त लॉगिनवरचा ईमेल बदलायची रिक्वेस्ट तेव्हा अजून पेंडिंग होती, त्यामुळे अपडेटचा मेल त्यालाच गेला. संध्याकाळी व्हॉट्सॲपला मेसेज, "अभिनंदन दादा, काम झालं. उरलेले ४००० जीपे करा."