पहिलं रिव्हॉल्व्हर: .३५७ घेतलं, .३८ चालवते (काही महिन्यांच्या वापरानंतर)

पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, कोणतं, याचं माझं उत्तर आता पक्कं आहे. .३५७ मॅग्नमचं, पूर्ण पोलादी, चार इंची नळीचं रिव्हॉल्व्हर घ्या आणि त्यात .३८ स्पेशल चालवा. दुकानात हे ऐकलं होतं तेव्हा विकणाऱ्याची हुशारी वाटली होती. इतके महिने नियमाने रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, गेल्यावर त्यामागची कारणं हाताला कळली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहते. ग्रीन कार्ड आहे. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवली होती. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या खाचेत धरायची आणि श्वास रोखून चाप हळू दाबायचा, एवढं तिथेच शिकले. हँडगन मात्र इथेच पहिल्यांदा हातात घेतली.

एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्यांनी आधी हे वाचा. फेडरल कायद्यानुसार अशा व्हिसावर शस्त्र आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण रेंजवर भाड्याने घेतलेलं शस्त्रसुद्धा या मनाईत येतं. मित्रांसोबत सहज जाण्याआधी वकिलाला विचारा, प्रश्न तुमच्या व्हिसाचा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना परवानगी आहे. परवानाधारक दुकानातून हँडगन घेताना वय २१ पूर्ण लागतं, फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते.

आता कॅलिबर. कोल्हापूरच्या काकांना फोनवर सांगितलं तर त्यांचं पहिलं वाक्य, "अगं, बत्तीसच घे." त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. भारतात .३८० किंवा .४५५ ची काडतुसं बसतील अशी रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला सहसा परवाना न मिळणाऱ्या मापांत, मोडतात. सामान्य परवानाधारकाच्या कमरेला त्यामुळे .३२ दिसतं, आणि त्याची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात बनतात. ते काडतूस म्हणजे १८९६ चं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. धक्का अगदी मऊ, नेम उत्तम. २५ मीटर सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर घाव बसून उडणाऱ्या काडतुसांच्या) पिस्तूल स्पर्धेत आजही ते चालतं. पण अमेरिकेत साध्या दुकानाच्या फळीवर ते क्वचितच सापडतं, आणि सापडलं तरी महाग. ज्या काडतुसासाठी शोधाशोध करावी लागते त्याचा सराव होत नाही, म्हणून मी .३२ सोडलं.

.२२ चा विचार बराच केला, कारण गोळी सगळ्यात स्वस्त आणि धक्का नावाला. पण .२२ रिमफायर आहे. घोडा बुडाच्या कडेवर आपटतो आणि मसाला कडेच्या आत सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही, त्यामुळे एखादी गोळी न उडण्याची शक्यता सेंटरफायरपेक्षा जास्त असते. कड चेपायला स्प्रिंगही जोरकस लागते, म्हणून बऱ्याच .२२ रिव्हॉल्व्हरचा डबल अॅक्शन चाप (एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा) जड लागतो. निव्वळ सरावासाठी, विशेषतः घरातली मोठी मुलं शिकणार असतील तर, .२२ छानच. घरासाठी एकच शस्त्र ठेवायचं असेल तर मी ते घेणार नाही.

मग राहिले .३८ आणि .३५७. .३८ स्पेशल १८९० च्या दशकाच्या अखेरीचं, आणि पुढे कित्येक दशकं अमेरिकन पोलिसांचं नेहमीचं काडतूस. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये बाजारात आलं. दोन्हीतल्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखाच आहे. मॅग्नमची पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) मात्र साधारण ३.४ मिलिमीटर लांब ठेवली आहे, म्हणजे ते काडतूस .३८ च्या जुन्या सिलिंडरमध्ये (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात) पूर्ण बसूच नये. ही खबरदारी अत्यंत गरजेची आहे, कारण .३८ ची दाबमर्यादा १७,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला पाउंड (प्लस-पी हा जास्त दाबाचा प्रकार असेल तर २०,०००) आणि मॅग्नमची ३५,००० आहे. उलट दिशेने अडचण नाही: .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ बिनधोक चालतं.

माझं रिव्हॉल्व्हर रुगर जीपी१०० आहे. स्टेनलेस पोलाद, सहा गोळ्या, चार इंचांहून किंचित लांब नळी, वजन सव्वा किलोच्या आत. हे वजनच माझ्या मते अर्धं कॅलिबर आहे, आणि निवडताना लोक नेमकं तेच विसरतात. घेण्याआधी मी भाड्याने दोन टोकं चालवून पाहिली. छोट्या नळीच्या, अगदी हलक्या रिव्हॉल्व्हरमधून .३५७ उडवलं तेव्हा तळहातात कळ गेली, समोर मोठी ज्वाळा दिसली आणि पुढच्या गोळीला हात आपोआप आखडला. तेच काडतूस जड पोलादी रिव्हॉल्व्हरमधून उडवलं तर धक्का दमदार होता, पण सोसवण्यासारखा. आणि त्याच जड शस्त्रातून .३८ म्हणजे निव्वळ सुख.

आकड्यांत सांगायचं तर १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साध्या .३८ मधून सेकंदाला साडेसातशे फुटांच्या आसपास वेगाने निघते, ऊर्जा सुमारे २०० फूट-पाउंड. तेवढ्याच वजनाची मॅग्नम गोळी १,२०० फुटांच्या वर जाते आणि ऊर्जा ५४० च्या आसपास. छोट्या नळीत मॅग्नमचा हा फायदा बराच घटतो, आवाज आणि ज्वाळा मात्र पुरेपूर राहतात. म्हणून हलकं, आखूड .३५७ पहिलं शस्त्र म्हणून घेऊ नका, कुणी कितीही भरीला घातलं तरी.

माझा नेहमीचा सराव १४८ ग्रेनच्या वॉडकटरवर चालतो. या गोळीचं तोंड सपाट असतं, त्यामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि नेम कुठे चुकतो ते स्वच्छ दिसतं. सुरुवातीला माझ्या गोळ्या खाली-डावीकडे जात होत्या. चाप ओढताना सगळी मूठ आवळली जात होती, म्हणून. मॅग्नमवर शिकत असते तर तो दोष धक्क्याच्या भीतीत दडून राहिला असता. घरी रिकाम्या सिलिंडरमध्ये स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) घालून डबल अॅक्शनचा सराव करते, आणि त्या वेळी खोलीत एकही खरी गोळी ठेवत नाही. पाच किलोच्या आसपासचा तो चाप आता एका लयीत ओढला जातो.

खर्चाचंही सांगते. माझ्या भागात पन्नास .३८ चा साधा डबा वीस-पंचवीस डॉलरला मिळतो, मॅग्नम त्याहून बरंच वर. बंदिस्त रेंजवर मॅग्नमचा आवाज छातीत जाणवतो; कानात फोमचे बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही घालते. .३८ लाही मी हेच करते. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम वायू बाहेर फेकला जातो, तेव्हा बोटं किंवा अंगठा सिलिंडरच्या पुढे कधीही नेऊ नका.

.३८ जास्त चालवण्याची एक किंमत आहे. पुंगळी आखूड असल्याने चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) तिच्या तोंडापाशी काजळीचं कडं जमतं, आणि मग लांब .३५७ आत जाताना अडतं. दर सरावानंतर ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंट फिरवलं की प्रश्न उरत नाही. नंतर हात साबणाने, थंड पाण्यात धुवायचे, कारण काजळीत शिसं असतं.

घरात संरक्षणासाठी मी .३८ प्लस-पी हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी) ठेवते, मॅग्नम नाही. रात्री बंद खोलीत मॅग्नमची ज्वाळा आणि आवाज मला नको आहेत, आणि दुसरी गोळी नेमकी जायला हवी असेल तर माझ्या हाताला .३८ च योग्य. इथल्या ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डच्या) भिंती .३८ सुद्धा पार करते, त्यामुळे पलीकडच्या खोलीत कोण झोपतं हे डोक्यात पक्कं हवं. शस्त्र बोटांच्या कोडवर उघडणाऱ्या, भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीत असतं. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर टेक्सासमध्ये तो गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

रोज अंगावर बाळगायचं असेल तर माझी शिफारस तुमच्यासाठी नाही. एवढं वजन कमरेला सोसवत नाही, तिथे पाच गोळ्यांचं छोटं .३८ पाहा. मनगट कमजोर असेल, संधिवात असेल, तर .३२ एच अँड आर मॅग्नम चालवून बघा. ते .३२७ फेडरल मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालतं. आणि काहीही घेण्याआधी तेच वजन, तीच नळी आणि तेच काडतूस भाड्याने घेऊन एका बैठकीत पन्नास गोळ्या उडवा. शेवटच्या दहा कागदावर कुठे लागल्या ते पाहून मगच पैसे द्या.