एक क्लॅरिनेट, एक बेस क्लॅरिनेट: आधी ग्रीग बसवावा की चायकोव्स्की?

वादक दोनच आहेत, एकाकडे बी फ्लॅट क्लॅरिनेट, दुसऱ्याकडे बेस क्लॅरिनेट (त्याचाच एक सप्तक खाली वाजणारा मोठा भाऊ), आणि ऑर्केस्ट्रातलं सगळ्यांच्या कानावरचं काहीतरी बसवायचंय. अशा वेळी दोन नावं हमखास निघतात: ग्रीगचं ‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ आणि चायकोव्स्कीच्या ‘नटक्रॅकर’मधला ‘शुगर प्लम फेअरी’चा नाच. दोन्ही दोन-अडीच मिनिटांची. दोन्ही संगीतकारांना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे मूळ स्वरलिपीवरून स्वतःची मांडणी करायला कॉपीराइटची आडकाठी नाही.

मन आधी चायकोव्स्कीकडेच ओढ घेतं. 1892 च्या मूळ रचनेतच बेस क्लॅरिनेट आहे: वर चेलेस्टाचे (छोट्या पियानोसारखं, घंटेसारखा सूर देणारं वाद्य) किणकिणते सूर आणि त्यांना उत्तर म्हणून खाली भरभर उतरणारी त्याची तान. ती वाजवायला मिळणार म्हणून कुठलाही बेस क्लॅरिनेटवाला हरखून जाईल. पण दोघांतच वाजवायला बसलं की पेच पडतो. तंतुवाद्यांचं पिझिकाटो, म्हणजे बोटांनी छेडलेले स्वर, कोण देणार? बेस क्लॅरिनेटच. मग तान येते तेव्हा तिचं अप्रूप उरत नाही, कारण मुळात हे वाद्य तोवर गप्प असतं आणि म्हणूनच ती तान दचकवते. शिवाय चेलेस्टा एका वेळी अनेक स्वर वाजवतो आणि त्याचा सूर उमटताक्षणी विरू लागतो. क्लॅरिनेटकडे एकच स्वर, आणि तो फुंक असेपर्यंत टिकणारा. नुसतं टंगिंग (जिभेने स्वर तोडणं) तोकडं करून ती किणकिण येत नाही.

ग्रीगचं तसं नाही. त्याची धून एकेरी आहे. खालून हळूच सुरू होते, वर सरकते, लय वाढत जाते. क्लॅरिनेटइतकं हलकं सुरू होणारं दुसरं सुषिर वाद्य माझ्या ऐकण्यात नाही, त्यामुळे सुरुवातीची चोरपावलं इथे फार छान जमतात. अडचण आहे ती पट्टीची. मूळ बी मायनर, म्हणजे आपल्या दोन्ही वाद्यांच्या कागदावर (बी फ्लॅट वाद्यांची पट्टी एक स्वर वर लिहितात) सी शार्प मायनर, चार शार्प. आणि अगदी तळापासून सुरुवात करायची तर बेस क्लॅरिनेटला खालचा सी शार्प लागतो. तो लो सी पर्यंत जाणाऱ्या महागड्या मॉडेलवरच मिळतो, लो ई फ्लॅटवाल्यावर नाही.

म्हणून पट्टी दीड स्वर वर, डी मायनरमध्ये घ्या. कागदावर ई मायनर, एकच शार्प. आता बेस क्लॅरिनेटची धून खालच्या ई पासून निघते आणि वरच्या जी पर्यंतच जाते. ब्रेक, म्हणजे खालच्या आणि वरच्या स्वरपट्ट्यांमधला बोटं एकदम बदलावी लागणारा सांधा, ओलांडावाच लागत नाही. दुसऱ्या फेरीत हीच ओळ जशीच्या तशी क्लॅरिनेटच्या कागदावर उतरवा. ती आपोआप एक सप्तक वर ऐकू येते. तिसऱ्या फेरीला जपा. क्लॅरिनेटने मधल्या ई पासून सुरू केलं तर ए-बी-जी-बी नेमकं ब्रेकवर पडतं, आणि चढत्या लयीत बोटं तिथेच अडखळतात. सरळ आणखी एक सप्तक वर उडी मारा. ऑर्केस्ट्राची गर्दी आपल्याकडे नाहीच; ती भर या उडीने निघते.

दम मात्र दोघांचाही कसाला लागतो. धुनीत श्वासाला जागा जवळजवळ नाही, म्हणून दर फेरीत ती एकाकडून दुसऱ्याकडे द्या आणि साथीच्या ओळीत मुद्दाम विराम लिहा.

कुणी रावेलचा ‘बोलेरो’ सुचवेल. त्यात क्लॅरिनेटचा सुंदर सोलो आहे, पण त्या रचनेचा प्राण दर फेरीला बदलणाऱ्या वाद्यांच्या रंगांत आहे. दोन वाद्यांत तो मावत नाही.

दोघंच असाल तर माझं मत ग्रीगला. आणखी दोन क्लॅरिनेट मिळाले तर मात्र बेलाशक चायकोव्स्की घ्या: दोघं वरच्या सुरावटीला, तिसरा पिझिकाटोला, आणि बेस क्लॅरिनेट आपली तान येईपर्यंत मोकळा.