लायोलचा चाकू : नऊ महिने वापरल्यानंतर

लायोल या फ्रान्समधल्या गावचा, मिटून खिशात ठेवायचा हा चाकू. घेतला तेव्हा पात्यात चेहरा दिसत होता. आता पातं काळपट-निळं झालंय, मधे मधे जांभळट झाक. एप्रिलमधे पहिली कैरी कापली आणि पाच मिनिटांत हे सुरू झालं. कैरीच्या फोडीला विळीची चव आली. ज्यांच्या घरी लोखंडी विळी होती त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बायको म्हणाली, "चौदा हजारांचा चाकू आणि चव आईच्या विळीची!" तक्रार म्हणून म्हणाली, पण मला ते कौतुकच वाटलं.

चाकू आला कसा, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गेल्या सप्टेंबरमधे आम्ही चार कॉलेजमित्र दक्षिण फ्रान्समधे सहा दिवस फिरलो. एक तिथलाच, तुलूजमधे विमानं बनतात तिथे नोकरीला. एक डॉक्टर, पक्का शाकाहारी. एक सीए. आणि मी, ज्याची पन्नाशी हे सगळ्यांना निघण्यासाठी मिळालेलं निमित्त होतं. पॅरिसला जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. तुलूजहून भाड्याची गाडी, काओर, काँक, लायोल, मियो, रोकफोर, आल्बी आणि परत तुलूज.

काओरचा तीन मनोऱ्यांचा चौदाव्या शतकातला पूल पाहिला, तिथली माल्बेक द्राक्षाची जवळजवळ काळी वाइन प्यालो. छान होती, पण माझ्या लक्षात राहिली ती काँकजवळच्या मार्सियाक भागातली. काँकच्या आधी रस्ता एका वळणावर उतरतो आणि एकदम माती लाल होते. लाल म्हणजे आपल्या जांभ्यासारखी लाल! गाडीतून उतरून मी खरोखर ढेकूळ हातात घेऊन पाहिलं. तिथल्या द्राक्षाला स्थानिक लोक मान्सोआ म्हणतात, बाहेरचं नाव फेर सेर्वादू. फेर म्हणजे लोखंड. वेलीचं लाकूड फार कठीण म्हणून हे नाव, असं वाइन दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं. वाइनला मिरीचा वास, थोडा काळ्या मनुकांचा, आणि शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा. तुलूजवाला गाडी चालवणार होता म्हणून चाखून चाखून थुंकत होता आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघून गिळत होतो.

काँकच्या चर्चच्या दारावर कयामतीच्या दिवसाचं मोठं कोरीव काम आहे. नरकाच्या बाजूला एक कंजूष गळ्यात पैशाची पिशवी अडकवून फासावर लटकलाय. सीएला तिथे उभं करून फोटो काढला. आतल्या काचा मात्र चित्रकार पिएर सुलाजच्या, 1994 च्या, 104 खिडक्या आणि रंग एकही नाही. पांढरट काचेतून येणारा उजेड दुपारभर बदलत होता. आम्ही तासभर बसलो. चौघांनी तासभर गप्प बसण्याची ती पहिलीच वेळ असावी.

आता लायोल. ओब्राकच्या पठारावर, हजारएक मीटर उंचीवरचं छोटं गाव. स्पेलिंग पाहून सगळे लागिओल म्हणतात, तिथे लायोल म्हणतात. चौकात बैलाचा पुतळा, आसपास कुरणांत फिक्या तपकिरी गाई, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या. आणि दर दोन दुकानांनंतर चाकूचं दुकान. गावाबाहेर एका कारखान्याच्या छपरातून भलंमोठं पातं आभाळात घुसलंय, ते डिझायनर फिलिप स्टार्कने 1987 मधे आखलेलं.

जेवायला आलिगो होतं. उकडलेला बटाटा, ताजं तोम चीज, लोणी, साय, थोडा लसूण. लाकडी उलथन्याने एवढं घोटतात की वाढताना हातभर तार निघते. वाढणारा मुलगा खुर्चीवर चढायचा तेवढा बाकी होता. डॉक्टरने तीनदा घेतलं. नंतर त्याला कळलं की तिथलं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. दोन दिवस तो ब्रेड आणि टोमॅटोवर होता, आणि रोकफोरच्या गुहांत आम्ही मेंढीच्या दुधाचं निळं चीज चाखत असताना बाहेर ऊन खात बसला. शाकाहारी मंडळींनी हे आधी विचारून घ्यावं. मेनूकार्डावर लिहिलेलं नसतं.

त्याच जेवणात शेजारच्या टेबलावर एक म्हातारबाबा होते. हॉटेलने दिलेली सुरी त्यांनी बाजूला सरकवली आणि खिशातून स्वतःचा चाकू काढला. सॉसेज हातातच धरून, अंगठ्याकडे पातं ओढत, पातळ चकत्या केल्या. चीज त्यानेच, नासपतीही त्यानेच. शेवटी ब्रेडच्या तुकड्याला पातं दोन्ही बाजूंनी पुसलं, तो तुकडा खाल्ला, आणि पातं बोटाने आवरत हळूच मिटलं. मला माझ्या आजोबांचा अडकित्ता आठवला. तोही दुसऱ्या कुणी हातात घेतलेला त्यांना चालत नसे.

मी तो चाकू बघत राहिलो हे बाकीच्यांनी पाहिलं आणि दुपारी तिघांनी मिळून मला एक घेऊन दिला. 140 युरो. दुकानातल्या बाईंनी चाकू माझ्या हातात ठेवण्याआधी बोट वर केलं : भेट म्हणून चाकू घेतला तर देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, नाहीतर मैत्री कापली जाते. आमच्या घरी मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणून, त्यामुळे मला हे लगेच पटलं. पाकिटात रुपयाची नाणी होती, तिघांना एकेक दिलं. सीएने संध्याकाळी हिशोबात लिहिलं : जमा रु. 3.

हा चाकू 1829 मधे याच गावात जन्माला आला, पिएर-जाँ काल्मेल्सच्या हाताने. बाटलीचं बूच काढायचा कॉर्कस्क्रू 1880 मधे जोडला गेला. या भागातली माणसं तेव्हा पोटासाठी पॅरिसला जात, कोळसा आणि वाइन विकत, कॅफे चालवत, त्यांना तो लागे. मुठीवर खिळ्यांचा छोटा क्रूस असतो. मेंढपाळ चाकू ब्रेडमधे उभा खोचून त्यापुढे प्रार्थना करत, अशी गोष्ट सांगतात. पाठीकडच्या स्प्रिंगच्या टोकावर धातूची मधमाशी, जिला काही जण माशीच म्हणतात.

आता वापराबद्दल. माझं पातं कार्बन स्टीलचं, म्हणजे काळं पडणाऱ्या, गंजणाऱ्या पोलादाचं, मूठ जुनिपरच्या लाकडाची. मुठीचा वास पहिले चार महिने येत होता, आता नाकाजवळ धरून जरा घासली तरच येतो. धार उत्तम. पातं लांब, निमुळतं, पातळ. टोमॅटो, पेरू, चीज, पाव, हापूसचे गाल यासाठी याच्यासारखं दुसरं नाही. पण हा स्वयंपाकघरातला चाकू नव्हे. पाटावर कांदा चिरायला गेलात तर बोटांची हाडं पाटावर आपटतात. ज्यांना भाजी चिरायला हवाय त्यांनी पैसे वाचवावेत.

कॉर्कस्क्रूचं सांगायचं तर, निराशा. त्याला टेकू नाही, त्यामुळे बाटली गुडघ्यांत धरून ओढावी लागते. शिवाय आमच्याकडे येणाऱ्या नाशिकच्या बाटल्यांना बहुतेक वेळा फिरकीचं झाकण असतं. नऊ महिन्यांत हे स्क्रू चार वेळा उघडलं, त्यातलं एकदा लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं बूच काढायला.

हापूसच्या दिवसांत एक गंमत झाली. रस मुठीच्या फटीत गेला आणि सकाळी चाकू उघडला तर आतून मुंग्यांची रांग. टूथपिकने आणि कोमट पाण्याने साफ केलं, पण लाकूड जास्त वेळ ओलं ठेवायचं नाही. पावसाळा सुरू झाल्यावर आठवड्याभरात पात्याच्या बुडाशी तांबूस गंज दिसला. कापलेल्या बटाट्याला मीठ लावून घासलं, गेला. आता प्रत्येक वापरानंतर पुसून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवतो, सांध्यावर एक थेंब. कोकणात किंवा मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांना एवढा सोस नसेल तर स्टेनलेस घ्यावा. दारावर येणाऱ्या धारवाल्याला मी दिला नाही, पाणी लावून घासायच्या दगडावर घरीच दोनदा धार केली. आणि मिटताना पातं सोडून देऊ नका. खटकन आवाज छान येतो, पण धार आत स्प्रिंगवर आपटते.

विकत घेताना फसू नका. हे नाव फार काळ कायद्याने मोकळं राहिल्यामुळे त्या नावाचे स्वस्त चाकू जगभर कुठेही बनतात. फ्रान्समधल्याच तिएर गावात बनलेले मात्र चांगले असू शकतात, तिथे चाकूंचा धंदा शतकानुशतकांचा आहे. कारागिराचा किंवा कारखान्याचा शिक्का बघा. मधमाशी स्प्रिंगमधूनच घडवलेली आहे की वरून डकवलीय ते भिंगाशिवायही दिसतं.

आणि परतताना तो मोठ्या बॅगेत टाका. सीएने स्वतःसाठी असाच एक घेतला होता आणि हातातल्या बॅगेत विसरला. सुरक्षा तपासणीत गेला. 140 युरो त्याने हिशोबात "बुडीत" म्हणून दाखवले.

मागच्या रविवारी सीए ठाण्याला आला होता. डॉक्टरही होता. मार्सियाकची जपून ठेवलेली शेवटची बाटली त्या दिवशी फोडली, गुडघ्यांत धरून, सीएनेच. मग चाकू घेऊन त्याने शेवटचे दोन हापूस कापले, पातं पावाला पुसलं, पाव खाल्ला. खिशातून रुपयाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हा घे तुझा रुपया, परत. चाकू मी नेतो."

मी नाणं त्याच्याकडे सरकवलं.