घरगुती मायनिंगसाठी रायझन ९ ५९५०एक्स आणि नॉक्टुआ एनएच-डी१५: वापरानंतरचा अभिप्राय

मायनिंग म्हणजे संगणकाकडून सतत गणिते सोडवून घेऊन क्रिप्टोचलन मिळवणे. बिटकॉइनसाठी आता एसिक (खास त्याच कामासाठी बनवलेली) यंत्रेच लागतात, आणि सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केल्यापासून ग्राफिक्स कार्डांची रांग मांडण्यालाही फारसा अर्थ उरलेला नाही. मोनेरो हे क्रिप्टोचलन मात्र नोव्हेंबर २०१९पासून मायनिंगसाठी रँडमएक्स ही पद्धत वापरते आणि ती साध्या प्रोसेसरवर उत्तम चालते. म्हणून मी एएमडीचा रायझन ९ ५९५०एक्स आणि त्यावर नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा एअर कूलर अशी जोडी घेतली. हे यंत्र कित्येक महिने अहोरात्र चालू आहे.

या कामासाठी प्रोसेसर निवडताना कोअर मोजण्याआधी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) पाहावी. रँडमएक्सला प्रत्येक थ्रेडमागे (प्रोसेसर एकाच वेळी चालवत असलेल्या प्रत्येक कामामागे) २ एमबी कॅशे लागते. ५९५०एक्समध्ये ती ६४ एमबी असल्यामुळे त्याचे ३२ थ्रेड पूर्णपणे कामाला लागतात. रॅमच्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये (जोडीने) लावाव्यात आणि ह्यूज पेजेस (मेमरी मोठ्या तुकड्यांत वापरण्याची सोय) सुरू करावेत.

मूळ सेटिंगवर हा प्रोसेसर १४२ वॅटपर्यंत वीज घेतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड लावून मी ती मर्यादा ८८ वॅटवर आणली, तेव्हा हॅशरेट (दर सेकंदाला होणाऱ्या गणितांची संख्या) काहीसा उतरला, पण विजेचा वापर त्याहून जास्त प्रमाणात उतरला. यंत्र रात्रंदिवस चालवायचे असेल तर हॅशरेटच्या कमाल आकड्यापेक्षा दर वॅटमागे तो किती मिळतो याला महत्त्व आहे, शिवाय जी उष्णता निर्माणच झाली नाही ती बाहेर काढण्यासाठी पंखेही जोरात फिरवावे लागत नाहीत.

कूलरबद्दल माझे मत अतिशय चांगले आहे. सहा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि १४० मिमीचे दोन पंखे असलेला हा धातूचा ठोकळा शांतपणे काम करतो, आणि त्यात वॉटर कूलरसारखा पंप नसल्यामुळे घरी कोणी नसतानाही यंत्र निर्धास्तपणे चालू ठेवता येते. बसवताना मात्र माझी एक चूक झाली. पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी जेमतेम ३२ मिमी जागा उरते आणि माझ्या रॅमवरचे शोभेचे पत्रे त्याहून उंच होते. पंखा वर सरकवला, तर कूलरची मूळची १६५ मिमी उंची आणखी वाढली आणि कॅबिनेटचे झाकण लागेना. अखेर बुटक्या पट्ट्या आणाव्या लागल्या.

खरी निराशा केली ती कॅबिनेटने. त्याच्या दर्शनी बाजूला अखंड काच होती आणि हवा आत येण्यासाठी कडेला बोटभर फट. पंखे कितीही वाढवले तरी तीच तापलेली हवा आतल्या आत फिरत राहायची. काच काढून तिथे बारीक जाळी बसवल्यावर त्याच हॅशरेटला तापमान लक्षणीय उतरले आणि पंख्यांची घरघर थांबली. जाळीवर धूळ लवकर साचते, त्यामुळे दर पंधरवड्याला मी ती ब्रशने झाडतो.