ट्रे मोजू नका, साल बघा: मिरच्यांसाठी पेटी-ड्रायरचं परीक्षण

घरच्या वाफ्यातली मिरची बेताने येत नाही. आधी आठवडेच्या आठवडे नुसती फुलं गाळते आणि एकदा धरली की दर तोड्याला दोन-तीन किलो निघते. वाटूनही उरते आणि फ्रीजमध्ये दोनेक आठवड्यांनी देठापाशी मऊ पडू लागते. मग नजर जाते ती विजेवरच्या डिहायड्रेटरकडे. इथे विचार केलाय तो सहा ट्रेच्या, मागच्या भिंतीत पंखा असलेल्या, ५०० ते ६०० वॉटच्या पेटी-ड्रायरचा. या बांधणीची यंत्रं बऱ्याच नावांनी विकली जातात, पण आत फारसा फरक नसतो.

पातळ सालीची लाल मिरची हे यंत्र फार छान वाळवतं. जाड सालीच्या मिरचीसाठी मात्र खोक्यावर लिहिलेली क्षमता निम्मी धरा. सहा ट्रे म्हणजे सहा ट्रे माल, हा हिशेब पातळ पट्ट्यांना लागू पडतो. दोन ट्रेमधलं अंतर बहुधा अडीच ते तीन सेंटीमीटर असतं. ढोबळी मिरचीची उभी फोड तेवढीच उंच. ती वरच्या जाळीला टेकली की हवा तिथेच अडते आणि नेमकी ती जागा ओली राहते. फोडी ठेवायच्या तर एकाआड एक ट्रे काढावा लागतो, म्हणजे हाती उरले तीन. ढोबळीच्या अर्धा सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापल्या तर सहाही ट्रे वापरता येतात. त्यामुळे खरेदी करताना ट्रे किती यापेक्षा मधली फट किती हे आधी विचारा.

एकावर एक रचायचे गोल ट्रे असलेला प्रकारही मिळतो. त्यात पंखा आणि हीटर बहुधा तळाशी असतात. खालच्या ट्रेवरून आलेली दमट हवा वरच्या ट्रेला मिळते, म्हणून दर दोन तासांनी ट्रे वरखाली करत बसावं लागतं. शिवाय ओल्या मिरचीचा रस आणि बिया थेट हीटरवर पडतात. पेटी-ड्रायरमध्ये हवा आडवी वाहते, प्रत्येक ट्रेला आपापली. तरी ट्रेची पंख्याकडची कड आधी वाळतेच. अर्धा वेळ झाला की प्रत्येक ट्रे पुढचा मागे असा फिरवायचा. एवढ्यावर भागतं.

तापमानाचा आकडा हा या यंत्राचा सर्वात फसवा भाग. वर ७० अंशांपर्यंत जातो हे जाहिरातीत ठळक असतं, पण मिरचीला ते नको. ५२ ते ५७ अंश सेल्सियस पुरेत. सुरुवातीलाच ७० लावलं तर बाहेरचा थर झटकन कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. मिरची वरून वाळलेली दिसते, बरणीत गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी बुरशी धरते. रंगही तांबूस-तपकिरी होतो आणि चवीत जळकेपणा उतरतो. घाई फार महाग पडते इथे.

पडद्यावर दिसणारं तापमान आणि ट्रेवरचं तापमान यांत ५ अंशांचा फरक सहज असतो. यंत्र आणल्यावर रिकामंच अर्धा तास चालवा, मधल्या ट्रेवर पुढे आणि मागे टोचणीचा थर्मामीटर ठेवून बघा आणि तेवढा फरक कायम लक्षात ठेवून बटण फिरवा. भरलेल्या यंत्रात हे मोजू नका. पाणी उडताना हवा थंड होते, त्यामुळे पहिल्या काही तासांत आकडा कमीच दिसतो.

खालची मर्यादा ३५ अंश असेल तर जमेची बाजू. पुढच्या लागवडीचं बी वेगळं काढून वाळवायचं असेल तर त्याहून जास्त उष्णता नको, उगवण मार खाते. मिरचीबरोबर ५५ अंशांवर वाळलेलं बी पेरणीसाठी धरू नये.

आता सुरीचं काम, कारण यंत्राचं निम्मं यश तिथे ठरतं. मिरचीच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यातून पाणी फार हळू निघतं. अख्ख्या मिरचीतलं पाणी मुख्यतः देठाच्या बाजूने वाट काढतं, म्हणून पातळ सालीची मिरचीसुद्धा अख्खी ठेवली तर चोवीस तासांच्या पुढे जाते. तीच देठ काढून उभी चिरली की ८ ते १२ तासांत होते. जाड सालीच्या फोडींना १२ ते १६ तास धरा. कापलेली बाजू वर ठेवायची. खाली ठेवली तर रस जाळीला चिकटतो आणि काढताना साल फाटते. एका ट्रेवर एकाच जाडीचा माल, एकाच थरात. साधारण ३० सेंटीमीटर चौरस ट्रेवर चारशे ग्रॅमच्या आसपास चिरलेली मिरची बसते, त्याहून जास्त दाटी करू नका. तिखटपणा कमी हवा असेल तर नुसत्या बिया झटकून उपयोग नाही. तिखट साठतं ते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात, तो काढा. हातमोजे नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे, घाला, आणि ते उतरवेपर्यंत डोळ्यांकडे हात नेऊ नका.

झाली की नाही हे ओळखायला वजनकाटा सर्वांत खरा. पिकलेल्या पातळ मिरचीत साधारण ८५ ते ८८ टक्के पाणी असतं, ढोबळीत ९२ च्या आसपास. चिरून, देठ काढून १ किलो भरलेली पातळ मिरची वाळल्यावर दीडशे ग्रॅमच्या जवळ यायला हवी, ढोबळी ९० ग्रॅमच्या. पातळ मिरची दोनशेवर अडली असेल तर ट्रे परत आत. हाताने बघायचं तर आधी दहा मिनिटं गार होऊ द्या, कारण गरम मिरची नेहमीच मऊ लागते. गार झाल्यावर कडकन मोडली पाहिजे. वाकली, चिवट लागली, तर अजून वेळ आहे.

टायमर सोयीचा आहे, पण त्यात एक गोम आहे. रात्री तीनला यंत्र बंद पडतं आणि सकाळपर्यंत मिरच्या थंड पेटीत सादळतात, विशेषतः दमट हवेत. टायमर दोन तास जास्तच लावा. ५५ अंशांवर थोडं जास्त वाळल्याने फारसं बिघडत नाही, कमी वाळल्याने अख्खी बरणी जाते.

वाळलेल्या मिरच्या काचेच्या बरणीत पाऊण भरा, झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर रोज हलवा. कमी-जास्त वाळलेल्या तुकड्यांतली ओल तेवढ्यात सारखी होते. काचेला आतून दव दिसलं की सगळं परत ड्रायरमध्ये. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून बाकीचं ठेवायचं नाही, बरणी फेकायची. मिरचीवर धरणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते भाजून किंवा शिजवून पुरतं जात नाही.

यंत्राच्या तक्रारी दोन. पहिली आवाज आणि ठसका. पंखा दहा-बारा तास घरघरतो आणि बाहेर पडणारी हवा डोळ्यांना झोंबते. झोपायच्या खोलीत मुळीच नको, उघड्या खिडकीजवळ ठेवा. दुसरी तक्रार प्लास्टिकच्या ट्रेची. त्यांना नारिंगी डाग पडतात आणि तिखट मुरतं, ते पुढच्या घाण्याच्या सफरचंदाला लागतं. तिखट तेलात विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून आधी तेलाचा हात फिरवा, मग भांड्यांचा साबण. पाणी कोमट घ्या, कढत पाण्याच्या वाफेने ठसका लागतो. स्टीलचे ट्रे मिळत असतील तर तेच घ्या. बारीक चुऱ्यासाठी जाळीचं अस्तर आणि तळाला एक पत्रा, हेही सोबत आहे का बघा.

विजेचं फार भय नको. ५०० वॉटचं यंत्र दहा तास अखंड चाललं तरी ५ युनिट होतात, आणि हीटर मधूनमधून बंद होत असल्याने खरा आकडा त्याहून कमी. मात्र अर्ध्या किलोसाठी चालवणं परवडत नाही, रिकाम्या ट्रेलाही जवळपास तेवढीच वीज लागते.

ओव्हन आहेच, मग हे कशाला? बहुतेक ओव्हन ७५-८० अंशांच्या खाली येत नाहीत आणि दार किलकिलं ठेवून तासन् तास पहारा द्यावा लागतो. एअर फ्रायरचा वारा तर सुकत आलेले हलके तुकडे उडवून थेट हीटरवर नेतो.

कच्ची हिरवी, जाड सालीची मिरची मात्र या यंत्रात घालूच नका. रंग मातकट होतो. ती चिरून, ताटात सुटी पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा, आधी उकळत्या पाण्यातून काढायची गरज नाही. अर्धवट वाळवून तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचा मोह तर टाळाच. ओल आहे, आंबटपणा नाही, वर तेलाने हवा तोडलेली, म्हणजे बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला हवं ते सगळं आयतं. ओली मिरची बरणीत मुरवायचीच असेल तर किमान ५ टक्के आम्लाच्या व्हिनेगरमध्ये, आणि व्हिनेगरचं मोजमाप पारखलेल्या कृतीप्रमाणेच, त्यात पाणी वाढवून नाही.

तीन-चार झाडं असतील तर फ्रीझर पुरतो, यंत्र घेऊ नका. आठ-दहा झाडांपुढे, तीही लाल होऊ द्यायची असतील, तर हा ड्रायर जागा अडवण्याच्या लायकीचा आहे. वाळलेली मिरची अंधाऱ्या, थंड जागी अख्खीच ठेवा आणि महिन्याला लागेल तेवढीच दळा. पूड केली की रंग आणि वास अख्ख्या मिरचीपेक्षा फार लवकर उतरतात.