पॅडचं मशीन आणि बायबॅकची बोली: आमचे ६,३१,०८० रुपये गेले

"मशीन आमचं, कच्चा माल आमचा, तयार माल आम्हीच उचलणार. तुम्ही फक्त बनवा." हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकलंत तर तिथून उठा. पुढचं ऐकायला थांबू नका. याला बायबॅक म्हणतात, म्हणजे मशीन विकणाराच तयार माल परत विकत घेण्याची बोली करतो. पुण्यात कापूर, अगरबत्ती, फुलवाती, द्रोण-पत्रावळी या सगळ्यांवर ती चालून झाली आहे. आमच्या गळ्यात सॅनिटरी पॅडचं मशीन मारलं.

आकडे आधीच देते, कारण "गेले असतील थोडेफार" असं म्हणणारे फार भेटले. मशीनचे ४,८५,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८७,३००. झाले ५,७२,३००. यातले ५,००,००० मुद्रा कर्जाचे, बँकेने कोटेशन बघून थेट मशीन विकणाऱ्याच्या खात्यात टाकले. ५१,००० बुकिंगचे यूपीआयने. २१,३०० रोख, ज्याची पावती "ऑफिसातून येईल ताई" म्हणाला ती आजतागायत आलेली नाही. कच्चा माल ६२,५००. बसवणी आणि ट्रेनिंग १५,०००. एकूण ६,४९,८००. पहिल्या लॉटचे त्याने १८,७२० दिले, ते वजा केले की ६,३१,०८० राहतात. नऱ्ह्यातल्या गाळ्याचं भाडं आणि कर्जाचं व्याज यात धरलेलं नाही. सासूबाईंच्या पाटल्या अजून सोडवता आलेल्या नाहीत.

आम्ही डोळे मिटून पैसे दिले असं कुणी म्हणू नये. माझे मिस्टर लेथवर काम करतात. त्यांनी मोटर, बेअरिंग, शाफ्ट, वेल्डिंग, सगळं हाताने तपासलं. लोखंडात काही खोट नव्हती. फसवणूक लोखंडात नव्हतीच. ती होती तंतूंमध्ये, आणि तंतूंचं ज्ञान आमच्यासारख्या घरात कुणाला असणार?

पॅडमध्ये कापूस असतो असंच बहुतेकांना वाटतं. खरं तर आतला शोषून घेणारा थर, म्हणजे कोअर, लाकडाच्या पल्पचा असतो. पल्प जाड पुठ्ठ्यासारख्या शीटमध्ये किंवा रोलमध्ये येतो. तो हॅमर मिलमध्ये फोडला की पिंजारलेल्या कापसासारखा हलका भुगा होतो. त्याला फ्लफ म्हणतात. मोठ्या कारखान्यात हा फ्लफ हवेच्या झोतावर एका फिरत्या ड्रमकडे जातो. ड्रमच्या परिघावर पॅडच्या आकाराचे खळगे असतात आणि त्यांच्या तळाला बारीक जाळी. ड्रमच्या आतून हवा ओढली जाते, तंतू जाळीवर बसत जातात आणि खळगा भरतो. वर आलेला जास्तीचा फ्लफ फिरता ब्रश काढून टाकतो. मग तयार कोअर अलगद बाहेर काढतात, टिश्यूत गुंडाळतात आणि दाबतात. बऱ्याच पॅडमध्ये त्यात जेल होणारी पावडरही घालतात. सगळा धंदा या एका टप्प्यावर आहे. तंतू सारखे बसले नाहीत तर वरचं नॉनवोव्हन (न विणलेलं) कापड आणि खालची प्लास्टिकची फिल्म कितीही चांगली असो, पॅड गळणारच.

हे सगळं मला त्या विक्रेत्यानेच समजावलं, तेही न अडखळता. माहितीपत्रकावर कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगानंतम यांचा फोटो छापला होता. त्यांनी महिलांसाठी स्वस्त मशीन तयार केलं आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे खरंच आहे. खऱ्या माणसाचा फोटो लावला की खोटं खपतं. हा आमचा दोष नाही.

आता तो क्षण, ज्याची आठवण आली की अजून अंग जळतं. त्याच्या शेडमध्ये डेमो चालू होता. ड्रम फिरत होता आणि पलीकडून एकामागून एक पांढरेशुभ्र पॅड पडत होते. मी एक पॅड उचलला, नखाने वरचं कापड फाडलं आणि कोअर बाहेर काढला. त्याची कड एकदम सरळ होती, कात्रीने कापावी तशी. बोटांत चोळला तर कागदासारखे पापुद्रे निघाले. मी विचारलं, "हे कापलेलं वाटतंय." तो हसून म्हणाला, "ताई, प्रेस बसला की कड अशीच येते." साच्यात बसवलेल्या फ्लफची कड कधीच अशी येत नाही. ती लवदार असते, बोट फिरवलं की तंतू सुटतात. माझ्या हातात होता तो तयार एअरलेड रोलमधून, म्हणजे आधीच दाबून कागदासारख्या केलेल्या पल्पच्या गुंडाळीतून, डायने (कापायच्या साच्याने) कापलेला तुकडा. ड्रम नुसताच फिरत होता, पॅड दुसरीकडेच जोडले जात होते. आणि त्या शेडमध्ये फ्लफची धूळही नव्हती! जिथे पल्प फुटतो तिथे भिंती, केस, चहाचा कप, सगळ्यावर पांढरी लव बसते, हे मला माझ्या गाळ्यात कळलं. त्याची फरशी पुसल्यासारखी होती. मी ते "स्वच्छता ठेवतात" म्हणून वाखाणलं. सांगा, पहिल्यांदा असं मशीन बघणाऱ्याला हे कसं कळावं? प्रश्न मी विचारला होता. उत्तर त्याने खोटं दिलं.

डेमो बघायला जाल तेव्हा पल्पची शीट स्वतः घेऊन जा. तुमच्या डोळ्यांसमोर ती एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने कोअर निघाला पाहिजे, नाहीतर पैसे काढू नका.

आमच्याकडे जे मशीन आलं त्याच्या खळग्यांना जाळी नव्हतीच. पत्र्याला ड्रिलने भोकं पाडली होती. ती थोड्या वेळात तंतूंनी बुजत, ओढ कमी होई आणि फ्लफ मधे ढीग करून बसे. कडा रिकाम्या राहत. कोअर काढताना मधोमध तुटे. हॅमर मिलमधून गाठी तशाच येत. जुन्या आयएस ५४०५ या भारतीय मानकात (१९८०) पॅडची चाचणी दिली आहे: मिनिटाला १५ मिली या वेगाने ३० मिली रंगीत पाणी सोडायचं, मग एक मिनिट १ किलोचं वजन ठेवायचं, खालून किंवा बाजूने गळता कामा नये. मी शाईचं पाणी करून ओट्यावर ही चाचणी केली. वजन ठेवण्याआधीच दोन्ही बाजूंनी निळी धार ओट्यावर आली.

पहिला लॉट त्याने मुकाट्याने उचलला, २.६० रुपये दराने ७,२०० पॅड. तेच आमिष होतं. दुसरा लॉट ९,६०० पॅडचा. तोही टेम्पोत भरून नेला आणि मग फोन आला, "कोअर एकसारखा नाही ताई, माल रिजेक्ट." म्हणजे स्वतःच्या मशीनचा दोष त्याने आमच्या माथी मारला. माल परत नाही, २४,९६० रुपये नाहीत, लेखी काहीच नाही. नंतर फोन बंद. शेडला कुलूप.

जनऔषधी केंद्रात २०१९ पासून सरकारी पॅड १ रुपयाला मिळतो. मग हा आपल्याकडून २.६० ला घेऊन कुणाला विकणार, एवढा एक प्रश्न विचारा. आणि "जीएसटी क्रेडिटमध्ये परत मिळेल" असं कुणी म्हणालं तर तो सरळ खोटं बोलतोय. पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्येच माफ झाला. विक्रीवर करच नाही, म्हणून मशीनवर भरलेला कर परत मिळत नाही. माझे ८७,३०० असेच गेले.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. चौकीत पहिलं वाक्य: "मशीन मिळालंय ना? मग हा दिवाणी मामला." मी म्हटलं, डेमो खोटा दाखवला, हा गुन्हा आहे. तर म्हणे शेड दुसऱ्या आयुक्तालयाच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणाले पैसे तुमच्या हद्दीतून गेले, तिकडे जा. मधेच एकाने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांगितलं, कारण यूपीआय केलं होतं. तिथून उत्तर आलं की हा सायबर गुन्हा नाही. बँकेत गेले तर "कर्ज वसुली आमचं काम, मशीन चालतं का ते बघणं नाही." अहो, पाच लाख त्याच्या खात्यात तुम्ही टाकलेत! कोटेशनवरचा जीएसटी नंबर चालू आहे का, हे पोर्टलवर बघायला किती वेळ लागतो? मी नंतर पाहिलं, तो रद्द झालेला होता. उद्योग खात्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून स्वयंरोजगाराचं एक पत्रक हातात दिलं. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर "धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही" म्हणून अर्ज परत ढकलला. प्रत्येक टेबलावर मी तेच बिल, तेच फोटो, तेच व्हॉट्सअॅप मेसेज काढून दाखवले, आणि प्रत्येकाने मान हलवून पुढचं टेबल दाखवलं. चोर एकदा लुटून गेला, हे लोक रोज माझा वेळ लुटतात आणि पगार घेतात.

चौकीतलं हद्दीचं उत्तर आणि खिडकीवरचं "तुम्ही ग्राहक नाही", या दोन्हींत तथ्य नाही, म्हणून लिहून ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, पोलिसांनी तक्रार घ्यायला हवी. नाही घेतली तर तीच लेखी तक्रार वरिष्ठांना पोस्टाने पाठवा. फसवणुकीचं कलम लागतं भारतीय न्याय संहितेचं ३१८. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्पष्ट आहे की उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू "व्यापारी हेतू"त मोडत नाही. खिडकीवरच्या माणसाचं ऐकून परत फिरू नका, अर्ज करून पोच घ्या. आपण पुरवलेल्या मालाचे पैसे अडले तर सूक्ष्म उद्योगांसाठी सरकारची ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याआधी करून ठेवा. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. रोख एक रुपयाही देऊ नका.

माझी तक्रार आता वकिलामार्फत गेली आहे. हेच मशीन पुण्यात आणखी कुणाकडे असणारच. ओळखायची खूण: निळा रंग, ड्रमवर सहा खळगे, तळाला जाळीऐवजी ड्रिलची भोकं, मोटरवरची कंपनीची पट्टी घासून काढलेली. तुमच्याकडे असं मशीन असेल तर ते भंगारात घालू नका. बिल, बँकेचा उतारा आणि ड्रमच्या आतला फोटो सांभाळा आणि आपापल्या चौकीत लेखी तक्रार द्या. तक्रारी एकत्र झाल्या तरच आर्थिक गुन्हे शाखेकडे हे प्रकरण नेता येईल.