फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह की सुपर फॅमिकॉम? जुनं जपानी गेम म्युझिक ऐकायला कुठून सुरुवात करायची

तिन्ही टीव्हीला जोडायची जपानी गेम मशीनं, फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम निन्टेंडोची, मेगा ड्राइव्ह सेगाचं. आधीच सांगून टाकतो, मी फॅमिकॉमवाला आहे, त्यामुळे माझं बोलणं जरा सांभाळूनच घ्या. १९८३ चं मशीन, आणि आपल्याकडे नव्वदीत कॅसेट फुंकून फुंकून जे टीव्हीगेम चालवायचो ते बहुतेक ह्याचेच क्लोन, म्हणजे हा आवाज तुमच्या कानात आधीच बसलेला असणार. चॅनल, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे वेगवेगळे आवाज, किती, तर दोन पल्स (चिरके सूर), एक ट्रँगल (मऊ सूर), एक नॉइज (खरखर) आणि एक सॅम्पलचा (रेकॉर्ड केलेला छोटा आवाज), संपलं. त्यात ट्रँगलचा व्हॉल्यूम कमीजास्त होतच नाही, वाजेल नाहीतर गप्प बसेल, आणि बेस बहुतेक त्याच्यावरच. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, हवी असेल तर एकाच चॅनलवर तीन सूर इतके झपाझप फिरवायचे की कानाला एकत्रच वाटतात. वर गेममधला उडीबिडीचा आवाज ह्याच चॅनलमध्ये घुसणार, तेवढ्यापुरता गाण्याचा एक पदर गायब. संगीतकार कोजी कोंदोचं १९८५ चं सुपर मारिओचं संगीत एवढ्याशा सामानावर उभंय, ऐका आणि मग दिवसभर गुणगुणत बसा.

मेगा ड्राइव्ह (१९८८) म्हणजे यामाहाची एफएम चिप (रेडिओचं एफएम नव्हे, एका लहरीने दुसरी हलवून सूर बनवायचा प्रकार), सहा चॅनल, खणखणीत आवाज. कच्च्या हातात पडली की पत्रा बडवल्यासारखी वाजते, पण युझो कोशिरोचं स्ट्रीट्स ऑफ रेज (१९९१) लावा, चक्क क्लबमधलं हाउस म्युझिक आहे ते. नाचायला आवडत असेल तर सरळ इथेच या.

सुपर फॅमिकॉम (१९९०) मध्ये आठ चॅनल आणि खऱ्या वाद्यांचे सॅम्पल, साउंड चिप सोनीच्या केन कुतारागीची. पण सगळी वाद्यं ६४ केबीत कोंबायची, एको पाहिजे तर त्याची जागाही त्यातूनच, म्हणून व्हायोलिनं जरा धुकट वाटतात. नोबुओ उएमात्सुने ह्यावर फायनल फँटसी ६ (१९९४) मध्ये आख्खा ऑपेरा बसवलाय, गायिकेच्या जागी चिपमधला नुसता ‘आऽऽ’सारखा सूर, शब्दच नाहीत! आधी हसू येतं, मग येईनासं होतं. सिनेमाचं पार्श्वसंगीत आवडणाऱ्यांनी हेच घ्यावं.

आणि फॅमिकॉम घेतलंत तर अकुमाजो देन्सेत्सु (१९८९), म्हणजे कॅसलव्हेनिया ३ ह्या गेमची जपानी आवृत्ती, तीच ऐका. कोनामीने त्या कॅसेटमध्येच व्हीआरसी६ नावाची चिप घालून तीन चॅनल वाढवले होते, अमेरिकन मशीनला कॅसेटमधून जादा आवाज घ्यायची सोय नव्हती, म्हणून तिकडच्या आवृत्तीत तीच गाणी पाच चॅनलात बसवावी लागली. पहिल्या स्टेजचं गाणं दोन्हीकडचं पाठोपाठ लावा, हेडफोन घालून.